नऊ नंबरवरचा आवाज

विमान ओमाहाहून उठून दहा मिनिटं झाली तरी नऊ नंबर मुकाच होता.

लायल कुचेराने खुर्चीच्या हातातलं बटण दाबत सगळे नंबर पुन्हा एकदा फिरून पाहिले. तीनवर व्हायोलिन, पाचवर गिटार घेऊन रडणारा कुणीतरी गवई, सातवर विनोद सांगणारा एक माणूस, जो स्वतःच्याच विनोदांना हसत होता. नऊवर काही नाही. त्याने कानातल्या नळ्या काढल्या, शर्टाला पुसल्या, परत घातल्या. तरीही काही नाही.

ह्या एका विमान कंपनीची ही जुनी पद्धत होती. वैमानिक आणि जमिनीवरचे नियंत्रक यांचं जे बोलणं चालतं, ते उतारूंना हवं असेल तर नऊ नंबरवर ऐकू द्यायचं. मात्र त्याची कळ कप्तानाच्या हाती. त्याची मर्जी असेल तर सुरू, नसेल तर बंद. बहुतेक उतारू त्या वाटेला जात नसत. ज्यांना त्याचं वेड होतं त्यांना मात्र दुसऱ्या कंपनीने फुकट नेलं असतं तरी ते गेले नसते. लायल त्या वेड्यांपैकी नव्हता. गेल्या तेरा वर्षांत तो विमानात पाऊलसुद्धा न ठेवलेला माणूस. आज तो बसला होता तो फक्त नऊ नंबरसाठी, आणि हे त्याने जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

शेजारी खिडकीपाशी ओपल डनिंग नावाची सत्तरीची बाई बसली होती. विमान हलल्यापासून तिने घट्ट धरून ठेवलेली कागदी पिशवी आता सोडली, तीतून कोलाचे नावाचा, खसखस भरलेला एक गोड पाव काढून त्याच्यापुढे केला आणि शिकागोला काय काम, असं विचारलं. लायल म्हणाला, भाच्याचं लग्न आहे.

"गुरुवारी दुपारी? लग्नं तर शनिवारी असतात ना?" बाईंनी विचारलं.

लायलने कोलाचेचा मोठा घास घेतला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनी होती, पण इतक्या वर्षांत ती त्याला एकदाही धड साधली नव्हती.

खरं काम असं होतं. त्याची मुलगी जनेल शिकागोच्या विमानतळावर नियंत्रक म्हणून शिकत होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक अंधारी खोली, तिथे रडारच्या पडद्यापुढे बसून येणारी विमानं रांगेत लावायची, हे तिचं काम. दोन वर्षं झाली होती. रविवारी तिचा फोन आला आणि तिने दोनच वाक्यं सांगितली. गुरुवारी दुपारी पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांवर शेवटची तपासणी आहे. नाही जमलं तर इथून काढतील. लायल म्हणाला, "बरं." मग दोघांनी फोन ठेवला. सोमवारी सकाळी त्याने आपलं गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान उघडलंच नाही. तिकीट काढायला गेला.

बापाने मुलीला नुसतं 'बरं' म्हणावं, यामागे बराच इतिहास होता. लायल स्वतः ओमाहाला एकोणीस वर्षं हेच काम करत होता. एक्याऐंशीच्या ऑगस्टात देशभरातले नियंत्रक संपावर गेले. राष्ट्राध्यक्षांनी कामावर परत यायला बुधवार सकाळपर्यंतची मुदत दिली. जे आले नाहीत, त्या अकरा हजारांहून जास्त माणसांना एका फटक्यात घरी बसवलं आणि पुन्हा ह्या कामाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. लायल त्या अकरा हजारांतला एक. मित्रांच्या शब्दासाठी खुर्ची सोडली, मान ताठ ठेवून सोडली, असं तो तेव्हापासून सांगत आला होता. चौदा वर्षांची जनेल ते ऐकत वाढली. आणि मोठी होऊन तिने काय करावं? त्याच खात्यात अर्ज केला. तेव्हा लायलच्या पायाची आग मस्तकात गेली. "ज्या खुर्चीतून बापाला उठवलं, तिच्यात बसायला लाज वाटत नाही का तुला?" असं तो जेवणाच्या टेबलावर म्हणाला. आई हयात होती तोवर दोघांमध्ये निरोप तरी इकडून तिकडे जायचे. आई गेल्यावर वर्षातून दोन सण, दोन फोन, एवढं उरलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्या घरात तर एकाला दोन पीळ होते.

पण गुरुवार जवळ आला तसा त्याला चैन पडेना. तिचा आवाज ऐकायचा होता. तिला कळू न देता ऐकायचा होता.

अर्ध्या तासाने त्याला राहवलं नाही. पॅट्रिस नावाची हवाईसेविका कॉफी घेऊन आली तेव्हा त्याने नऊ नंबरबद्दल विचारलं. ती म्हणाली, आजचे कप्तान तो सहसा लावत नाहीत. मागे एका उतारूने त्यांच्या चुका मोजून कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं होतं.

"मी पत्र लिहीत नाही," लायल म्हणाला. "त्यांना विचाराल का एकदा?"

ती पुढे गेली आणि परत येऊन म्हणाली, "कप्तान विचारतायत, तुम्ही वैमानिक आहात का?"

"नियंत्रक होतो."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. ह्या खेपेला जरा वाकून हळू आवाजात म्हणाली, "कोणत्या सालापर्यंत, असं विचारतायत."

साल सांगितलं की सगळं सांगून झालं. संपाच्या दिवसांत वैमानिकांना फार ताप झाला होता, आणि त्यांतले कितीतरी जण अजून तो राग धरून होते. तेरा वर्षं तो 'दुकान आहे' एवढंच लोकांना सांगत आला होता.

"एक्याऐंशी," तो म्हणाला.

पॅट्रिस गेली ती परतलीच नाही. लायलने कॉफी न पिता पेला हातात फिरवत ठेवला. पाच मिनिटं गेली, सात गेली. शिकागो एवढं जवळ आलं, आणि आपण सातवरच्या त्या फाजील माणसाचे विनोद ऐकत उतरणार, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि मग नळ्यांतून एकदम खर्र झालं, आणि एक पेंगुळलेला पुरुषी आवाज कुणाला तरी उंची सांगताना ऐकू आला. वाटेतली विमानं सांभाळणाऱ्या केंद्रावरचा असावा. लायलने डोळे मिटले. तेरा वर्षांनी घरचं बोलणं कानावर पडत होतं.

नियंत्रक सांगतो, वैमानिक ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो, आणि नियंत्रक ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकतो. परत म्हटलं नाही तर सांगितलेलं पोचलंच नाही असं धरायचं, हा ह्या धंद्याचा कणा. लायलने तो मुलीला सातव्या वर्षी शिकवला होता, स्वयंपाकघरात मीठदाणी आणि मिरीदाणी यांची विमानं करून. 'बोलायच्या आधी ऐक, दुसरं कुणी बोलत असेल तर कळ दाबू नको,' हा पहिला नियम. 'परत म्हणून दाखव,' हा दुसरा. ती जेवायला बसतानासुद्धा परत म्हणून दाखवायची: "हात धुतले, दूध संपवते, कुचेरा दोन." कुचेरा एक म्हणजे तो.

"काय ऐकताय एवढं?" ओपलबाईंनी विचारलं. "मघापासून दाढ दुखल्यासारखं तोंड झालंय तुमचं."

त्याने सांगून टाकलं. कुणालाही न सांगितलेलं एका अनोळखी म्हातारीला का सांगावं, हे त्यालाही कळलं नाही. बहुधा ती शिकागोला उतरून नाहीशी होणार म्हणून. त्याने तिला हेही सांगितलं की तपासणीच्या वेळी शिकवणारा शिकाऊच्या मागेच बसतो, त्याच्याही कानाला तेच यंत्र असतं. शिकाऊ चुकला, गोंधळला, की शिकवणारा आपली कळ दाबून स्वतः बोलायला लागतो. म्हणजे जोवर तिचाच आवाज येतोय तोवर ठीक. तिच्या जागी दुसरा आवाज आला की तिला उठवलं असं समजायचं.

"म्हणजे लग्न नाहीच," असं म्हणून ओपलबाईंनी स्वतःच्या नळ्या कानात घातल्या आणि आपलं बटण नऊवर आणलं.

शिकागोच्या पश्चिमेला वादळ उभं होतं. खिडकीतून ते दिसतच होतं, काळं आणि उंच. नऊ नंबरवर तर ते मघापासूनच ऐकू येत होतं, कारण केंद्रावरची माणसं भराभर बोलू लागली होती. कुणाला घिरट्या घालायला लावलं, कुणाला दक्षिणेकडून लांबून आणलं. नेमक्या तपासणीच्या दिवशी हे यावं. लायलने मनात वादळाला दोन शिव्या घातल्या. मग आपल्या कप्तानाने 'शिकागो अप्रोच' म्हणून त्या अंधाऱ्या रडारखोलीला हाक दिली, आणि उत्तर आलं.

"सहाशे बारा, शिकागो अप्रोच. सात हजारांपर्यंत खाली या. पुढे गर्दी आहे, वेग कमी ठेवा."

सहाशे बारा म्हणजे हेच विमान, आणि आवाज जनेलचाच. तिचा, आणि तरी तिचा नाही. सणाच्या फोनवर तो आवाज आखडलेला असायचा, शब्द मोजून यायचे. इथे तो सपाट, निवांत, भराभर जात होता. एकाला खाली, एकाला डावीकडे, एकाला थांबा, एकाला आभार. लायल कानात प्राण आणून ऐकत राहिला.

"रागावलीय का ती?" ओपलबाईंनी विचारलं.

"नाही. कामात आहे."

तो मनात विमानं मोजत होता. अकरा, बारा, चौदा. डोळ्यांपुढे पडदा नव्हता, पण आवाजांवरून तो ती विमानं मनातल्या मनात मांडत होता, मीठदाण्यांसारखी. आणि म्हणून अडचण येतेय हे त्याला तिच्या बरोबरीने कळलं. मालवाहू विमानाच्या वैमानिकाला तिने उजवीकडे वळायला सांगितलं आणि तो म्हणाला, नाही वळणार, तिकडे सगळं काळं आहे. वैमानिकाला नाही म्हणायचा हक्क असतो. पण तो तसाच सरळ आला, तर त्याच्या पुढ्यात हे सहाशे बारा होतं.

नऊ नंबर शांत झाला. एक. दोन. लायलचे ओठ हलू लागले. मागच्याला वर ठेव, मागच्याला वर ठेव. तीन. एवढ्या गर्दीत तीन सेकंद म्हणजे फार झाले. शिकवणाऱ्याचं बोट कळीवर गेलं असणार.

"ठीक आहे, तुम्ही सरळच राहा," जनेलचा आवाज आला. "सहाशे बारा, डावीकडे वळा, लगेच, दिशा तीन-तीन-शून्य. तुम्हाला रांगेबाहेर काढतेय, पुन्हा आत घेईन."

विमान डावीकडे कललं. लायलची न प्यालेली कॉफी त्याच्या पँटवर सांडली. आपल्याच लेकीने आपल्यालाच रांगेतून बाहेर काढलं होतं. त्याने हे असं केलं नसतं, पण हेही बरोबर होतं. मार्ग मोकळा झाला होता. त्याच्या जिवात जीव आला, आणि ओपलबाईंनी त्याच्या मांडीवर कागदी रुमाल टाकला.

पुढची चार मिनिटं तिने त्यांना डावीकडून लांबून फिरवलं. आवाज तसाच निवांत. लायल मागे टेकला. आणि मग त्याच जागी, त्याच नंबरवर, एक जाड पुरुषी आवाज आला.

"सहाशे बारा, उजवीकडे वळा, दिशा शून्य-नऊ-शून्य. चार हजार."

लायल वाट पाहत राहिला. एखादं वाक्य तो बोलेल, मग ती पुन्हा बोलेल. पुढचं विमान, पुरुष. त्यापुढचं, पुरुष. उतरवायला मनोऱ्याकडे सोपवेपर्यंत पुरुषच. वादळ चालू असताना, इतक्या गर्दीत माणूस बदलतात ते एकाच कारणाने. त्या तीन सेकंदांच्या कारणाने.

"तुमची मुलगी कुठे गेली?" ओपलबाईंनी विचारलं.

"उठवली," लायल म्हणाला आणि कानातल्या नळ्या काढून खिशात कोंबल्या.

विमान टेकलं, पळालं, थांबलं, यातलं त्याला काही कळलं नाही. लोक उठून सामान काढू लागले. संध्याकाळी परतायचं तिकीट खिशात होतं. कुणाला न कळता आला तसा जाऊ शकत होता. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी कुठल्यातरी खोलीत ती आत्ता एकटी बसली असणार, हा विचार त्याला सोडेना. उठवल्यावर कसं वाटतं हे ह्या अख्ख्या इमारतीत आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? निघताना ओपलबाईंनी उरलेल्या कोलाचेंची पिशवी त्याच्या हातात दिली. लग्नाला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणाल्या.

विश्रांतीच्या खोलीचा नंबर जनेलने दोन वर्षांपूर्वी त्याला लिहून दिला होता, अडीअडचणीला म्हणून. तो पाकिटात होता. एकदाही फिरवलेला नव्हता. लायलने सार्वजनिक फोनमध्ये नाणी घातली आणि दोनदा चुकीचा नंबर दाबून तिसऱ्यांदा बरोबर दाबला. कुणीतरी उचलून तिला हाक मारली. मागे बरीच माणसं बोलत होती.

"हॅलो?" तिचा आवाज कापत होता. रडलेली होती.

"जनेल, मी बोलतोय."

"डॅड? थांब, मला तुला सांगायचंय, मी आत्ताच..."

"तू काही सांगू नकोस. आधी मला बोलू दे."

बोलायच्या आधी ऐक, हा पहिला नियम ज्याने शिकवला त्यानेच कळ दाबून धरली. मग सोडलीच नाही.

"खुर्ची गेली म्हणून माणूस संपत नाही," लायल म्हणाला. "मला वाटलं होतं मी संपलो. मी खोटं बोललो तुला, जनेल. सगळ्यांनाच खोटं सांगितलं. मान ताठ-बिठ काही नव्हती. त्या बुधवारी सकाळी नऊ वाजता मी गाडी घेऊन फाटकापाशी गेलो होतो. मुदत संपायला तास होता. मला आत जायचं होतं, कामावर. फाटकाशी सगळे मित्र पाट्या घेऊन उभे होते. मी समोर गाडी लावून चाळीस मिनिटं बसलो, आणि शेपूट घालून घरी आलो. तत्त्व नव्हतं गं. लोक काय म्हणतील, एवढंच होतं. तू तिथे बसलीस तेव्हा मला तुझी लाज नाही वाटली. हेवा वाटला. तू फाटकातून आत गेलीस आणि मी नाही गेलो, म्हणून तुला तसं बोललो. चूक माझी होती. तू दुसरीकडे कर अर्ज, लहान विमानतळावर. तू चांगली आहेस. ते तीन सेकंद कुणाचेही जातात."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मागच्या माणसांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

"कुठले तीन सेकंद?" तिने विचारलं.

"मालवाहू नाही म्हणाला तेव्हाचे. मी सहाशे बारामध्ये होतो. नऊ नंबर चालू होता. मग तो माणूस बोलायला लागला, तेव्हा कळलं मला."

"तू इथे आहेस?"

"खाली आहे. फोनपाशी."

ती हळू म्हणाली, "डॅड, मी पास झाले."

लायलने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिला कान बिघडला होता.

"इथे तशी पद्धत आहे," जनेल सांगत होती. "पास झालं की शिकवणारा स्वतः उठवतो आणि खुर्चीत बसतो. जा, घरी फोन कर, मग येऊन एकटी बस, म्हणतो. मी त्याला म्हटलं, वादळ अर्ध्यावर आहे. तर म्हणाला, अवघड होतं ते तू संपवलंस, उरलेलं मी झोपेत करीन."

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही," लायल कसाबसा म्हणाला.

"मी पहिला फोन तुलाच केला. घंटा वाजत राहिली. मला वाटलं, गुरुवार आहे हे माहीत आहे म्हणून मुद्दाम उचलत नाहीयेस."

म्हणजे तिच्या आवाजाला कंप आला होता तो त्यामुळे. लायलने भिंतीला कपाळ टेकलं. तेरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता, आणि सुटली ती नको तेव्हा. आता ते शब्द परत कसे घ्यायचे हे त्याला कळेना.

"ते मघाचं बोलणं सोडून दे," तो म्हणाला. "मला वाटलं की तू..."

"पास झाले हे आधी कळलं असतं तर सांगितलं असतंस?"

खोटं बोलायला जागा होती, पण त्या सपाट, निवांत आवाजापुढे ते जमेना. हाच आवाज मघाशी वादळातून चौदा विमानं आणत होता.

"नाही," लायल म्हणाला. "अभिनंदन म्हटलं असतं आणि फोन ठेवला असता."

"मला सहा मिनिटांनी आत जायचंय. एकटीला." ती म्हणाली. "त्याआधी परत म्हणून दाखवते. बुधवार, सकाळी नऊ. फाटकासमोर, गाडीत. चाळीस मिनिटं. आत जायचं होतं. चूक तुझी होती, माझी नव्हती. बरोबर ऐकलं का, कुचेरा एक?"

लोक बॅगा ओढत त्याच्या मागून जात होते. हातातल्या पिशवीतले कोलाचे दाबून त्यांचा लगदा झाला होता. लायलने पिशवी खाली ठेवली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"बरोबर," तो म्हणाला.